चॅम्पचा डोळा

"ई," तेओ म्हणाला. "एफ, पी. टी, ओ, झेड."

नर्सची छडी पुढच्या ओळीवर जायच्या आत त्याची जीभ तिथं पोचलेली. एल, पी, ई, डी झालं. पी, ई, सी, एफ, डी झालं. तळाच्या मुंगीएवढ्या ओळीत तेवढं एका ठिकाणी त्यानं 'ओ'ला 'सी' म्हटलं. मग उजवा डोळा झाकून डाव्यानं वाचायला सांगितलं, तर तेही घडाघडा, त्याच एका चुकीसकट.

"कमाल आहे, सर! अठ्ठावन्नाव्या वर्षी ही नजर?" नर्सनं पांढरी चिठ्ठी फाडून त्याच्या हातात दिली. पांढरी म्हणजे जा घरी. लाल म्हणजे आत डॉक्टरांकडे, आणि उद्या मोतीबिंदूचं फुकट ऑपरेशन.

बास्केटबॉल कोर्टाच्या छपराखाली अख्खी वस्ती प्लास्टिकच्या स्टुलांवर रांगेनं बसली होती. टाळ्या पडल्या. "अरे, चॅम्पचा डोळा आहे तो!" कुणीतरी ओरडलं. हे वाक्य इथं शेंबडं पोरही म्हणतं. कोर्टाच्या भिंतीवर चित्रच आहे ना तसं. तेओचा डावा ठोसा क्रिस्पिनच्या जबड्यावर, आणि खाली हेच शब्द. तीस वर्षांपूर्वी अकराव्या फेरीत क्रिस्पिनच्या दोन हातांमधली बोटभर फट तेओनं हेरली, त्याला आडवं केलं आणि बॉक्सिंगच्या विश्वविजेतेपदाचा पट्टा इथं, फिलिपिन्सच्या सेबूला, आणला. पुढे सात वेळा राखलाही.

त्याच्या बायकोनं, नोरानं, कपाळावर हात मारून घेतला. "अहो मिस, याला काही दिसत नाही हो! आज सकाळी कॉफीत व्हिनेगर ओतलंन, आणि लाजेपायी पिऊनही टाकलंन."

"मॅम, सरांनी शेवटची ओळ वाचली. माझ्यासमोर. लाल चिठ्ठ्या चाळीसच आहेत, मी तरी काय करू?"

नोरा नवऱ्याच्या कानाशी वाकली. "काल काय पढवलं होतं तुला? दिसेल तेवढंच बोल म्हणून सांगितलं होतं ना?"

"तसंच बोलणार होतो गं. तिनं 'वाचा' म्हटलं आणि तोंड आपलं आपणच सुरू झालं."

यात खोटं काही नव्हतं. चौथ्याच लढतीत कोपर लागून त्याचा डावा डोळा गेला. एका डोळ्याच्या बॉक्सरला लढू देत नाहीत. तेव्हा वस्ताद इतोयनं दोरीवरच्या उड्या झाल्या की रोज डोळे तपासायचा हाच तक्ता पाठ म्हणून घ्यायला सुरुवात केली. घरी नव्या नवरीनं, या नोरानंच, दिवेलागणीला जपमाळेबरोबर तोही म्हणून घेतला. शेवटच्या ओळीत एक अक्षर चुकवायचं, ही वस्तादांची सक्त ताकीद. सगळंच बरोबर आलं की डॉक्टरांना संशय येतो. सोळा वर्षं दर लढतीआधीच्या डोळेतपासणीत तेओ असा पास होत गेला. आता उजव्यातही मोतीबिंदू उतरला होता.

"सांगून टाक," नोरा म्हणाली.

"इथं? सगळ्यांसमोर?"

"मग केव्हा? आंधळा झाल्यावर? हे डोळ्यांचं शिबिर उद्या दुपारी दुसऱ्या बेटावर जातंय."

तेओनं भिंतीकडे तोंड फिरवलं. चित्र त्याला दिसत नव्हतं, पण काय आहे ते ठाऊक होतं. रिंगणात उतरताना कधी वाटली नाही एवढी भीती त्याला वाटली. सात वेळा राखलेला पट्टा, आणि सगळा खोट्या कागदावर! उद्यापासून ही माणसं आपल्याला कोणत्या तोंडानं चॅम्प म्हणणार?

पांढरी चिठ्ठी त्यानं मांडीवर ठेवली.

"मिस, तो तक्ता उलटा करा."

"काय?"

"भिंतीकडे तोंड करा त्याचं. करा हो."

नर्सनं तक्ता उलटा टांगला. मागून नुसता कोरा पुठ्ठा. तेओ ताठ बसला आणि म्हणू लागला, "ई. एफ, पी. टी, ओ, झेड."

पोरं आधी खिदळली, मग कोऱ्या पुठ्ठ्याकडे बघू लागली. तेओ थांबला नाही. चौथ्या ओळीला मागून, रांगेतून, आणखी एक आवाज त्याच्यात मिसळला. घोगरा, थकलेला, पण एक अक्षर न अडखळणारा. दोघं मिळून शेवटच्या ओळीपर्यंत आले.

"एफ, ई, एल, सी," दोघं म्हणाले. दोघांनीही 'सी'च म्हटलं.

तेओनं मान वळवली. आवाज ओळखीचा होता.

"क्रिस्पिन?"

"मीच तो. तुझ्याआधी दोन वर्षं मीही इतोयच्याच तालमीत होतो, चॅम्प." क्रिस्पिन स्टुलांना हात लावत, चाचपडत पुढे आला. "माझा उजवा गेलेला. तुझा ठोसा आला ती बाजू. तीस वर्षं कानीकपाळी ओरडतोय, तो ठोसा मला दिसलाच नाही, दिसलाच नाही! एक माणूस विश्वास ठेवील तर शपथ."

नर्सनं दोन लाल चिठ्ठ्या फाडल्या. तेओनं हात पुढे केला तो चिठ्ठीच्या वीतभर बाजूला. नोरानं त्याचं मनगट धरून हात चिठ्ठीपाशी नेला.

"मला तरी तू कुठं दिसत होतास?" तेओ म्हणाला. "डावा आधीच गेलेला, आणि उजवा तूच सुजवून बंद केला होतास. तुझ्या धापा ऐकू आल्या, तिकडे मारला."