मुंग्यांचा नकार

औषधासाठी साल काढणारे रोबो डोंगर उतरले, कारण सोलायला झाडच उरलं नव्हतं. ठाकरवाडीची ही विद्या त्यांना भिवरानेच शिकवली होती, आत्याकडून ऐकून.

आत्याने विचारलं, “आदल्या सांजेला बुंध्याशी तांदूळ ठेवायचे, सकाळी मुंग्यांनी नेलेले दिसले की त्या झाडाला हात लावायचा नाही. हे सांगितलं नाहीस का गं त्यांना?”

भिवराची मान खाली गेली. रोबो आणणारे साहेबलोक हसतील म्हणून तेवढंच तिने गाळलं होतं.

सांजेला तिने एका सोललेल्या झाडाशी मूठभर तांदूळ ठेवले. सकाळी दाणे जसेच्या तसे होते. झाड हो म्हणत होतं. नाही म्हणायला डोंगरावर एक मुंगीही उरली नव्हती.