साखळीतली जागा

आतल्या कानाच्या दुखण्यामुळे हानुसला उभ्या उभ्या गरगरायचं. बायको होती तोवर ती हात धरून त्याला चालवायची. ती गेली आणि मुलीने, सुन्नवाने, त्याला खुर्चीतच बसवून टाकलं.

फेरो बेटांवरचं त्याचं गाव दर सणाला हातात हात गुंफून गोल साखळीत नाचायचं. या वर्षी नाच रंगात आला आणि हानुस भिंत धरत उठला.

“म्हातारा सकाळपासूनच घेऊन बसलाय वाटतं!” शेजारचा ब्यार्नी नाचता नाचता हसला.

“बाबा, खाली बस! पडशील!” सुन्नवा ओरडली.

हानुस साखळीत घुसला. एका हाताने त्याने पाद्र्याला घट्ट धरलं, दुसऱ्याने ब्यार्नीला.


“पडेन की, पोरी. पण आता पडलो, तर अख्खं गाव घेऊन पडेन!”