मारणाऱ्या पेशी

"ठोके चांगले आहेत," डॉ. नगमा म्हणाल्या आणि सोनोग्राफीचा पडदा गीतांजलीकडे वळवला.

गीतांजलीनं तिकडं पाहिलंच नाही. उठून बसली, पदर सारखा केला, पुन्हा सोडला, पुन्हा सारखा केला. पर्समध्ये फोन थरथरत होता. तिकडं अमरावतीच्या दवाखान्यात तिचा नवरा देवानंद ताटकळत उभा होता. दुपारी तिला सलाईन लागायचं होतं, पोटातलं मूल टिकावं म्हणून. ती मात्र कुणाला न सांगता, दुसऱ्या डॉक्टरांना विचारून पाहावं म्हणून, अकोल्याची गाडी धरायला निघाली होती. वलगावच्या स्टँडवर सासूनं, जयवंताबाईनं, तिला गाठलं. अडवलं नाही. एक शब्द न बोलता शेजारी येऊन बसली आणि अकोल्यापर्यंत तशीच बसून राहिली. आताही ती खोलीत दाराशी उभी होती.

"म्याडम, एक सांगा मले," गीतांजली म्हणाली. "माह्या रक्तात मारणाऱ्या पेशी जास्त हायेत म्हणते तिकडचे डॉक्टर. त्याच लेकराले मारते म्हणते. तीनदा मारलं. आता हेही मारतीन का?"

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली.

"त्या पेशी सगळ्यांच्याच रक्तात असतात. माझ्या, तुमच्या सासूबाईंच्याही. विषाणू शिरलेली पेशी दिसली, कॅन्सरची दिसली, की लगेच तिला संपवतात. म्हणून ते नाव पडलं. पण गर्भपिशवीत त्यांच्या जातीच्या ज्या असतात, त्या वेगळं काम करतात. तुमच्या रक्तवाहिन्या रुंद करायला मदत करतात, बाळापर्यंत रक्त पोचावं म्हणून. आणि दंडातलं रक्त तपासून पिशवीतलं काही कळत नाही."

"अन् सलाईन?"

"त्यानं मूल टिकतं, असं अजून सिद्ध झालेलं नाही. मी तरी देणार नाही."

गीतांजलीला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आपल्याच अंगात वैरी बसलाय, हे तिनं एवढे दिवस कसंबसं पचवलं होतं. आता तो वैरीही उरला नाही.

"मंग माहे तिघं काहून गेले?"

"मला माहीत नाही. तुमच्या सगळ्या तपासण्या पाहिल्या, कारण सापडत नाही. पुष्कळ जणींमध्ये सापडत नाही."

"हे राहीन?"

"आज सगळं ठीक आहे. पुढचं मी आज सांगू शकत नाही."

बाहेरच्या बाकावर जयवंताबाई टेकली. गीतांजलीला बसवेना. ती भिंतीपासून दारापर्यंत जायची आणि परत यायची. ह्याच सासूनं बाजारात, लग्नाच्या मांडवात, सुनेच्या रक्तातच खोट आहे म्हणून सांगितलं होतं. आता ती नुसती जमिनीकडं बघत होती.

फोन पुन्हा वाजला. ह्या वेळी गीतांजलीनं उचलला.

"कुठी हायस तू?" देवानंदचा आवाज चढलेला होता. "सलाईन काढून ठेवलं त्यायनं. सिस्टर तीनदा विचारून गेली."

"अकोल्याले आली मी. सलाईन नाही घेत."

"अन् काही झालं त?"

काही झालं तर काय, हे तिलाच कुठं माहीत होतं? जयवंताबाई उठली, तिच्या हातातून फोन घेतला.

"देवा, आधीचे काहून गेले, ते डॉक्टरनीले मालूम नाही म्हणते. तुले मालूम हाय का?"

जयवंताबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नाही न? मलेही नाही. तरी मी गावभर सांगत फिरली. ठेव फोन आता, आमी येतो."

परतीच्या एसटीत गीतांजलीला खिडकीची जागा मिळाली. बोरगाव मंजू गेलं, मूर्तिजापूर गेलं. तिचं चित्त कशातच लागत नव्हतं. खिडकी उघडायची, लावायची, पुन्हा उघडायची. जयवंताबाई डोळे मिटून बसली होती, झोपली असावी असं वाटत होतं. पण गाडी गतिरोधकाजवळ आली की तिचा हात आपोआप सुनेच्या पोटापुढं आडवा यायचा आणि गाडी सुरळीत धावू लागेपर्यंत तिथंच राहायचा.