‘कापा’ कुणी म्हणायचं

टेलरमास्तरांनी जुन्या पँटच्या कमरेवर खडूने दोन रेघा मारल्या, कात्री उचलली आणि विचारलं, "कापू?"

"कापा," मुलगी म्हणाली.

कात्री हलली नाही. जुन्या कपड्याला कात्री लावायची तर ज्याचा कपडा त्याने स्वतः तोंडाने ‘कापा’ म्हणायचं, असा मास्तरांचा नियम होता. एकदा बायकोच्या सांगण्यावरून त्यांनी एका नवऱ्याचा कोट आखूड केला होता. तो नवरा आठवडाभर रोज येऊन दुकानाच्या पायरीवर बसे. भांडत नसे, नुसता बसे. तेव्हाच मास्तरांनी कानाला खडा लावला.

"कपडा कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"आईचा. पण तिने मला दिलाय."

आई बाकावर बसली होती, पर्स मांडीत घट्ट धरून. दिलाय असं ती बोलली नव्हती. नाही असंही बोलली नव्हती, हीच तर पंचाईत. टेबलावर तिची हिरवी कॉर्डरॉयची बेलबॉटम पसरली होती. गुडघ्यापर्यंत घट्ट आणि खाली एवढा घेर, की एका पायात दोन माणसं उभी राहावीत. घर आवरताना दर वेळी टाकून द्यायच्या ढिगातून आईने ती परत उचलली होती. आता फॅशन फिरून आली आणि बेलबॉटमला एकदम भाव आला.

"आई, म्हण ना पटकन. शनिवारी पार्टी आहे. खरी, त्या काळातली घालून येणार म्हणून ऑफिसात सगळ्यांना सांगून बसलेय मी."

"एकदा कमर कापली की परत होत नाही," मास्तर आईकडे बघत म्हणाले. "आधीच सांगतो."

"तिला कुठे घालायचीय? तिला ती होतही नाही. आणि या वयात..."

मुलगी थांबली, पण उशिरा. आईने पर्स बाजूला ठेवली.

"कापू नका," ती म्हणाली.

"आई! मग काय कपाटात कुजवायचीय?"

"घालायचीय." आई उठून टेबलापाशी आली. "मास्तर, कमर वाढवा. मागे इलॅस्टिक घाला, जेवल्यावर मला श्वास घ्यायला आवडतो. चष्मा मावेल असा एक खिसा लावा. घेराला मात्र हात लावायचा नाही."

मुलीला हसू आलं नाही. मास्तरांनी कमरेची पट्टी उलटी करून आतली शिवण पाहिली आणि मान हलवली.

"आत सोडायला कापडच नाही, बाई. दोन्ही बाजूंना कापून जोड द्यावा लागेल. आणि हा हिरवा आता मिळायचा नाही."

आईने कोपऱ्यातली चिंध्यांची पिशवी ओढली. बराच वेळ उपसत राहिली. मुलगी घड्याळ बघत होती, मास्तर कात्री धरून उभे होते. शेवटी आईने एक तुकडा बाहेर काढला. पिवळाधमक.

"अगं, दिसेल ना ते!" मुलगी जवळजवळ ओरडली. "लांबून कळेल सगळ्यांना, होत नव्हती म्हणून जोड दिलाय!"

आईने पिवळा तुकडा हिरव्यावर ठेवला आणि तळव्याने नीट सपाट केला.

"कळू दे," ती म्हणाली. मग मास्तरांकडे वळली. "हं. आता विचारा."