रेडिओला कुलूप

"लाँड्रीच्या मागे, बॉयलरपाशी," रेडिओवरची मुलगी म्हणाली. "दोघं जा. सांभाळून."

आर्लीन कोसिकने तव्याखालचा गॅस बंद केला. अंडं अर्धवटच राहिलं. पोलिसांचं बोलणं पकडणारा तो रेडिओ ब्रेडच्या डब्याशेजारी असायचा. कोणीही दुकानातून विकत आणावा असा साधाच. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. सात मिनिटं गेली.

"कोणाला लागलेलं नाही," पुरुषी आवाज आला. "सगळं ठीक आहे."

"हुश्श," आर्लीन म्हणाली. मग खाली बसून तिने ते गार अंडं खाल्लं.

सहा वर्षं हे असंच चाललं होतं. केलर्सबर्गला ती राहायला आली तीच मुळी मुलासाठी. रसेल चाळिशीचा होता. आईच्या घरी पाऊल टाकत नसे, आई समोर दिसली तर रस्ता बदलत असे. शेजारच्या व्हर्नाने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "दिवसभर काय गं ती खरखर ऐकत बसतेस?"

"मुलगा आहे ना माझा तिकडे," आर्लीनने रेडिओकडे बोट केलं होतं. "रोज एकदा तरी तो धड आहे एवढं कळलं, की घास उतरतो."

व्हर्नाने छातीवर हात ठेवला. "माझा भाचापण पोलिसात आहे. जावे त्याच्या वंशा, बाई!" दुसऱ्या दिवशी ती मॅकरोनीचं गरम भांडं घेऊन हजर. तेव्हापासून गावात आर्लीनला जरा मान होता.

इतका, की नगर मंडळाची जागा रिकामी पडली तेव्हा लोकांनी तिलाच बसवलं. दुसरं कोणी उभंच राहीना. या गावात काम करायला माणूस मिळत नाही, नावं ठेवायला मात्र रांग लागते.

मंडळात पाच जण. त्या संध्याकाळी विषय एकच होता, पोलिसांच्या रेडिओला कुलूप. म्हणजे पोलिसांचं बोलणं फक्त त्यांच्याच यंत्रांना कळणार, घरोघरच्या रेडिओंवर नुसती गुरगुर. आर्लीन विरोधात मत द्यायचं ठरवून आली होती. भाषणाचा कागद पर्समध्ये होता. रेडिओ गेला तर रसेल आहे की नाही, हे कळायला तिला दुसरा मार्गच नव्हता.

सभेआधी कॉफीच्या टेबलापाशी गिल प्रेविटने घोळका जमवला होता. रेडिओ ऐकून गावची खबर इंटरनेटवर टाकणं हा गिलचा उद्योग.

"सकाळचं बघितलंत की नाही? पोलिसांच्या आधी पोचलो मी!" त्याने फोन पुढे केला. एक दाढीवाला, अनवाणी, बॉयलरपाशी भिंतीकडे तोंड करून बसलेला. पँट ओली. दोन पोलिस त्याला उठवताहेत. घोळका फिदीफिदी हसला.

आर्लीनने फोन हातात घेऊन शेवटपर्यंत बघितलं. "किती जणांनी पाहिलं हे?"

"साडेतीन हजार! खाली लोकांनी काय काय लिहिलंय ते वाच, हसून पोट दुखेल."

तिने वाचलं. एकूण एक वाचलं. मग फोन परत दिला आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसली.

पोलिसप्रमुख रॉयस टिंडल उभे राहिले. "माझी माणसं दारात पोचायच्या आधी आतला चोर मागच्या दाराने पसार! का, तर साहेब आमचंच बोलणं ऐकत बसलेले."

"आणि कारखान्याची टाकी फुटली तेव्हा?" गिल ओरडला. "भोंगा वाजायच्या चाळीस मिनिटं आधी गाव कोणी रिकामं केलं? लोकांच्या पोलिसांची लोकांपासूनच लपवाछपवी?"

खोटं नव्हतं ते. त्या दिवशी गिलने म्हाताऱ्याकोताऱ्यांना स्वतःच्या गाडीतून बाहेर काढलं होतं. आर्लीनही त्याच गाडीत होती. माणूस वाईट नव्हता, हेच तर अवघड होतं.

दोन मतं बाजूने पडली, दोन विरोधात. सगळे आर्लीनकडे बघायला लागले. गिल तर आधीच हसत होता. तिने पर्समधला कागद काढला, उलगडला नाही.

"कुलूप लावा," ती म्हणाली.

सभागृहात एकच गलका झाला. "फितूर!" गिल म्हणाला आणि टोपी आपटून निघून गेला. व्हर्ना धावतच पुढे आली.

"अगं, डोकं फिरलं का तुझं? उद्यापासून तुला कळणार कसं त्याचं?"

"नाही कळणार."

"मग?"

"मला कळत होतं, तसं साडेतीन हजारांनाही कळत होतं, व्हर्ना." तिने रुमाल काढून नाक पुसलं.

सभागृह रिकामं झाल्यावर टिंडल तिच्यापाशी आले. एवढ्या दांडग्या माणसाने टोपी काढून हातात धरली.

"कोसिकबाई, आपल्या जिवाला घोर लावून माझ्या पोरांना सांभाळलंत. आईच करू जाणे असं." त्यांनी खिशातून वही काढली. "मुलाचं नाव आणि तुकडी सांगा. ड्यूटी संपून तो सुखरूप परतला, की रोज मी स्वतः तुम्हाला फोन करीन. शब्द देतो."

"रसेल," आर्लीन म्हणाली. "पोलिसात नाही तो, टिंडलसाहेब. तुमचीच माणसं त्याला रोज कुठून तरी उठवतात. उद्या कुठून उठवलं, तेवढं सांगाल?"