जलकोटातली नवखी

"सांग ना रे, कुठे दाबू?"

"नाही सांगणार. नियम आहे, आई. तू कुठे अडतेस तेच मला बघायचंय."

वनमालाबाईंनी चष्मा वर सरकवला आणि मुलाने आणलेल्या फोनकडे नव्या सुनेकडे बघावं तसं बघितलं. पडद्यावर समुद्र होता, समुद्रात किल्ला. 'जलकोट' हा ऑनलाइन खेळ. किल्ला बांधायचा, गलबतं जमवायची, शेजाऱ्याशी तह करायचा, नाही जमलं तर लढायचं. सुयोग या खेळाचे पडदे आखायचा. जुने खेळाडू खेळावर जीव टाकत, पण नवा माणूस आला की पहिल्याच पडद्यावर भांबावून निघून जायचा. नवे टिकले नाहीत तर खेळ बंद, असं कंपनीने बजावलं होतं. तेव्हापासून सुयोग दर रविवारी अंधेरीहून मुलुंडला यायला लागला. आईहून नवखं माणूस त्याला कुठे मिळणार?

आधीही यायचा, नाही असं नाही. पण बूट न काढता. पाणी प्यायचा, "बरी आहेस ना?" म्हणायचा, सिलिंडर हलवून बघायचा आणि पळायचा. या घराण्यात काम नसताना बसायची कुणाला सवयच नव्हती. वडील गिरणीत होते. बायकोशी दोन शब्द बोलायचे तर तेही हातात पंख्याचा स्क्रू घेऊनच बोलत. "तुला भेटायला आलो" असं कुणी म्हटलं असतं, तर म्हणणारा आणि ऐकणारा दोघंही लाजले असते.

आता मात्र काम होतं. त्यामुळे मायलेक निर्धास्तपणे खांद्याला खांदा लावून बसत.

"ही सुरी कशाला?"

"सुरी नाही गं, तलवार. लढाईचं बटण."

"पहिल्याच दिवशी लढाई? आधी चहापाणी विचार की मेल्या!"

पुढच्या रविवारी पडदा उघडला, तर शेजारच्या किल्ल्यावरून एक बाई हात हलवत होती, 'या, बसा!' तलवार खाली कोपऱ्यात गेली होती.

वनमालाबाई खूश झाल्या. मग त्यांनी गलबत हाकारलं आणि थेट खडकावर घातलं.

त्यांचा एक गुण होता. चूक दर खेपेला नवी, पण एकच. एका रविवारी दोन अडचणी कधी निघाल्या नाहीत. निघाली ती निस्तरायला सुयोगला आठवडा पुरायचा. बरोबर पुरायचा.

"हल्ली बाकीची माणसं दिसत नाहीत रे," त्या एकदा म्हणाल्या. "आधी केवढी गलबतं असायची!"

"ही चाचणीची प्रत आहे, आई. लोक दुसरीकडे खेळतात."

"असं होय."

तेवढ्यात त्याला कुणाचा तरी फोन आला. बाल्कनीत जाऊन तो बँकेच्या कसल्याशा अ‍ॅपबद्दल बोलून आला.

"नवीन काम?"

"आहे थोडं, बाजूचं."

"पण तुझा खेळ वाचेल ना?"

सुयोगने फोन खिशात घातला. "तू अशीच चुकत राहिलीस तर वाचेल."

"मग काय, चुकण्यात माझा हात कोण धरतंय!"

त्या दिवशी तो जेवूनच उठला. सोलकढी दोनदा घेतली. जाताना म्हणाला, "आज गलबत का बुडालं ते बघतो मी. येतो रविवारी." तो गल्लीच्या वळणापलीकडे जाईपर्यंत वनमालाबाई खिडकीत उभ्या होत्या.

खालच्या मजल्यावरची चेतना विरजण मागायला वर आली.

"काय काकू, आज कुणाचं जहाज बुडवलंत?"

"माझंच. पुढच्या रविवारी तहाच्या पानावर अडेन म्हणते. तिथे अजून अडले नाही मी."

"अडेन म्हणजे? ठरवून?" चेतनाला हसू आवरेना. "अहो, अशाने नवे खेळाडू यायचे कसे? बिचाऱ्याचा खेळ बंद पडेल!"

"पडला की. गणपतीतच पडला," वनमालाबाई वाटीत विरजण घालत म्हणाल्या. "कंपनीने सगळ्या खेळाडूंना निरोप धाडला. मीही खेळाडूच ना! पण सुयोगकडे बोलू नकोस हां, त्याला वाटतंय मला ठाऊक नाही."