अच्युतरावांचं घड्याळ

"हे घाल तू," म्हणत अच्युतरावांनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि शिशिरच्या हातात कोंबलं.

सिरपूरच्या फाट्यावरच्या चहाटपरीला बापलेकांच्या सायकली टेकल्या होत्या. रायपूरहून उजाडताच निघालेले दोघे आरंगची देवळं मागे टाकून, महानदीचा पूल ओलांडून इथवर आले होते. आता डावीकडे जंगलातला चढउताराचा रस्ता, आणि त्याच्या टोकाला सिरपूर.

"बाबा, आईले कळलं ना, तो मेरी खैर नहीं."

"कशाले कळते? आत रेंज नाही. मी हे घालून गेलो की आकडा गायब होईल, अन् तुझी आई गाव गोळा करेल. त्यापरीस तू इथं बसून चहा पी. मी असा गेलो अन् असा आलो."

हृदयात स्टेंट बसवल्यापासून हे घड्याळ त्यांच्या मागे लागलं होतं. नाडी किती पळते तो आकडा घड्याळातल्या सिमवरून थेट रायपूरला, तेलीबांध्याच्या घरी पत्नी विजयाबाईंच्या मोबाइलवर दिसायचा. डॉक्टरांनी हद्द ठरवून दिली होती, आणि विजयाबाई त्या हद्दीवर डोळ्यांत तेल घालून बसायच्या. इकडे अच्युतरावांना छत्तीसगडचे छत्तीस गड सायकलनं पालथे घालायचे होते. त्यांचं घराणं भोसल्यांच्या घोडदळाबरोबर इकडं आलं म्हणतात. घोडी केव्हाच गेली, बुडाखालची वळवळ तेवढी शिल्लक राहिली.

ते पायडल मारत झाडांत दिसेनासे झाले. शिशिर घड्याळ मनगटावर चढवून बाकावर बसला. थोड्या वेळानं आईचा मेसेज आला, ‘आज छान चालवून राहिले बाबा. असेच हळू येजा म्हणा.’ त्याला हसू आलं. त्यानं दुसरा चहा सांगितला.

पण चहा संपला, भजी संपली, ऊन टपरीच्या आत शिरलं, तरी बाबांचा पत्ता नाही. फोन लावावा तर ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’. शिशिर उठायचा, रस्त्यापर्यंत जायचा, परत येऊन बसायचा. पुढं जावं तर आकडा गायब होणार आणि आई घरात जीव सोडणार. थांबावं तर इथं त्याचाच जीव राहीना. भलत्याच गोष्टीला हो म्हणून बसलो, असं त्याला राहून राहून वाटत होतं.

तेवढ्यात सिरपूरकडून बस आली. सायकलचे कपडे घातलेल्या शिशिरला पाहून कंडक्टर दारातूनच ओरडला, "आघू मा एक झन सियान सडक तीर बइठे हे भैया! सायकल घलो भुइयाँ मा परे हे!"

बस निघूनही गेली. म्हातारा माणूस, रस्त्याच्या कडेला, सायकल आडवी. शिशिरच्या डोक्यात एवढंच उरलं. त्यानं सायकलवर टांग टाकली आणि खिशातला फोन वाजला.

"शिशिर! एकशे पन्नास झाला रे आकडा! थांबव त्यांले! कुठं हायेत ते?"

"आई, वो... इथंच..."

"बसव आधी. सावलीत बसव. अन् फोन त्यांच्या कानाले लाव."

आता काय करावं? सांगावं तर ती तिथं कोसळेल. शिशिरनं बाबांना दिल्यासारखा फोन हळूच बाजूला नेला आणि थोडं थांबून पुन्हा आपल्याच कानाला लावला.

"अहो, ऐका," विजयाबाई म्हणाल्या. आवाज एकदम खाली आला होता. शिशिरनं तो असा कधी ऐकला नव्हता. "काही बोलू नका, नुसतं ऐका. मले नाही पाहिजेत तुमचे गड. मी दिवसभर तुमच्यावर खेकसून राहते, कारण मले भेव वाटते. तुम्ही गेले तर संध्याकाळचा चहा मी कोणासंगं पिऊ? तुमच्यावाचून मले काही सुचत नाही जी. एवढं आयुष्य गेलं, कधी म्हटलं नाही, आज म्हणून राहिली. ऐकलं ना?"

शिशिरनं फोन कानाशी घट्ट दाबला.

"ऐकलं ना हो?"

"हव," तो बाबांसारखा आवाज काढत कसाबसा म्हणाला.

त्याच वेळी जंगलातून एक ट्रॅक्टर खडखडत बाहेर आला. ट्रॉलीत आडवी टाकलेली सायकल, आणि तिच्याशेजारी धुळीनं माखलेले, हसरे अच्युतराव.

"दोन पंक्चर!" खाली उतरता उतरता ते गरजले. "पंप तुझ्यापाशी राहिला न बे! पण सिरपूरचं विटांचं लक्ष्मण मंदिर पाहूनच आलो. विटा काय विटा! कोणाचा फोन, आईचा? आण इकडं."

शिशिरनं फोन पुढे केला.

"विजया, अगं मी..."

"बोलू नका म्हटलं ना!" पलीकडून रडका दम आला. "आकडा उतरलाच नाही अजून. उलटा वाढून राहिला. असं कशाचं भेव घेतलं जी तुमच्या काळजानं?"

अच्युतरावांनी सवयीनं आपल्या रिकाम्या मनगटाकडे पाहिलं. मग घड्याळ घातलेल्या पोराकडे. शिशिर सायकलचं हँडल घट्ट धरून उभा होता. त्याचे ओठ सुकले होते, डोळे भरले होते, आणि छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

ट्रॅक्टरवाला सायकल उतरवायला हाका मारत होता. अच्युतरावांचं तिकडं लक्ष नव्हतं. त्यांनी मोकळा हात पोराच्या छातीवर ठेवला. आतली धडधड तळहाताला लागली तसं त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं.

"उतरेल," ते फोनमध्ये म्हणाले. "उतरेपर्यंत कुठं जात नाही मी."